खिडकीच्या उजेडात घरच्या घरी पोर्ट्रेट: चादर, थर्माकोल आणि काळी शाल कोणत्या क्रमाने वापरावी

खिडकीजवळ माणसाला बसवावे, पांढरी चादर लावावी आणि दुसऱ्या बाजूने फॉइल धरून उजेड परतवावा, एवढे आता घरी फोटो काढणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. तरीही असे काढलेले फोटो लोक दाखवायला आणतात तेव्हा त्यांत त्याच चार-पाच चुका पुन्हा पुन्हा दिसतात. चेहऱ्याचा एक गाल पिवळा आणि दुसरा निळसर असतो, हनुवटीखालून उजेड वर चढलेला असतो, डोळ्यांच्या जागी काळपट खोबणी दिसतात, किंवा सगळीकडून सारखाच उजेड पडल्यामुळे नाक, गाल आणि कपाळ यांतला उठावच नाहीसा होतो. चूक सहसा वस्तूंची नसते, ती वापरण्याच्या क्रमाची असते. नको असलेला उजेड आधी काढून टाकायचा, नंतर माणसाला नीट बसवायचे, आणि त्यानंतरही काही उणीव उरली तरच एकेक वस्तू आणायची. बहुतेक जण नेमके याच्या उलट करतात.

पुढील पद्धत एक माणूस, एक खिडकी आणि एक फोन किंवा साधा कॅमेरा गृहीत धरून लिहिली आहे. उदाहरण म्हणून माझ्या आत्याच्या पंच्याहत्तरीसाठी काढलेल्या फोटोचा उल्लेख अधूनमधून येईल, कारण त्या एका दुपारी यातल्या बऱ्याच चुका मी स्वतः केल्या आणि एकेक करून दुरुस्तही केल्या.

सुरू करण्यापूर्वी काय गोळा करावे

एक मोठी, पूर्ण पांढरी आणि पातळ सुती चादर हवी. घरात धुतलेले धोतर असेल तर ते चादरीपेक्षाही चांगले, कारण त्याची वीण विरळ असते आणि ते उजेड फार अडवत नाही. फक्त त्याचा रंगीत काठ दुमडून बाजूला घ्यावा. उजेड परतवण्यासाठी निदान दोन फूट बाय तीन फूट आकाराचा पांढरा फलक लागतो. टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यातला सपाट थर्माकोल, चित्रकलेचा पांढरा कार्डशीट, किंवा जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी पुठ्ठ्यावर चिकटवून केलेला फलक, यांपैकी काहीही चालते. उजेड शोषून घेण्यासाठी काळी शाल, काळे ब्लँकेट किंवा घोंगडी काढून ठेवावी. याशिवाय कपडे वाळत घालण्याचा घडीचा स्टँड, पाच-सहा चिमटे, हात नसलेले स्टूल, एक कोरा पांढरा कागद आणि घाम टिपण्यासाठी सुती रुमाल एवढे पुरते. फॉइल या यादीत मी मुद्दामच घेतलेले नाही. ते केव्हा लागते, ते सहाव्या टप्प्यात सांगितले आहे.

तपासणी: चादर खरोखर पांढरी आहे का, ते डोळ्यांनी ठरवू नये. आपल्याकडे पांढरे कपडे नीळ घालून धुण्याची सवय असल्यामुळे अनेक चादरी फोटोत निळसर दिसतात आणि तोच निळसरपणा त्वचेवर उतरतो. उलट, जुनी झालेली चादर पिवळट असते. चादरीवर कोरा कागद ठेवून खिडकीजवळ दोन्हींचा एकत्र फोटो काढावा. कागद आणि चादर यांच्या रंगात स्पष्ट फरक दिसला तर दुसरी चादर घ्यावी.

१. आदल्या दिवशी खिडकी पाहून ठेवावी

सूर्य थेट आत येत नाही, पण आकाश भरपूर दिसते, अशी खिडकी सगळ्यात सोपी. त्यामुळे पश्चिमेची खिडकी सकाळी आणि पूर्वेची दुपारनंतर वापरावी. उत्तरेची खिडकी वर्षाचा बराच काळ दिवसभर चालते, मात्र मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भरदुपारचा सूर्यही किंचित उत्तरेकडे असतो, हे लक्षात ठेवावे. त्या काळात ढग नसतील तर उत्तरेच्या खिडकीतही ऊन डोकावू शकते. दक्षिणेच्या खिडकीची गोष्ट याच्या उलट आहे. डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंश वर असतो, त्यामुळे ऊन खोलीत खोलवर येते आणि तेव्हा चादरीशिवाय काम भागत नाही.

आदल्या दिवशी ज्या वेळी फोटो काढायचा त्याच वेळी खिडकीसमोर उभे राहावे आणि आपली मूठ चेहऱ्याच्या उंचीवर धरून स्वतःभोवती सावकाश एक फेरी घ्यावी. बोटांच्या पेरांमधल्या सावल्या कुठे कडक होतात, कुठे मऊ होतात आणि कुठे पूर्ण नाहीशा होतात, ते नीट पाहावे. सावलीची कड हळूहळू विरत जाते, पण सावली स्वतः दिसत राहते, ती जागा खडूने किंवा चिकटपट्टीने फरशीवर खूण करून ठेवावी. या कामाला पाच मिनिटे लागतात आणि दुसऱ्या दिवशीचा अर्धा तास वाचतो.

खिडकीची जाळी आणि काचाही याच वेळी पाहून घ्याव्यात. डासांची जाळी उजेड बराच कमी करते, तेव्हा ती सरकवून ठेवावी. सरकत्या खिडक्यांच्या रंगीत काचा फोटोला हिरवट किंवा निळसर झाक देतात, तेव्हा काच पूर्ण उघडावी. लोखंडी ग्रिलची सावली फक्त थेट उन्हातच चेहऱ्यावर पडते. मऊ उजेडात ग्रिल त्रास देत नाही.

२. खोलीतला परका उजेड बंद करावा

खोलीतले सगळे दिवे बंद करावेत, शेजारच्या खोलीतलेसुद्धा. भरदुपारच्या उन्हाचे रंगतापमान (उजेडाच्या रंगाचे माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) साधारण ५५०० केल्विन असते, सावलीतल्या, म्हणजे मुख्यतः निळ्या आकाशाकडून येणाऱ्या उजेडाचे ७००० ते ८००० पर्यंत किंवा त्याहून जास्त असते, आणि घरातल्या पिवळ्या दिव्याचे २७०० ते ३००० असते. आपले डोळे हा फरक मनातल्या मनात सांभाळून घेतात, कॅमेऱ्याला मात्र तो सांभाळता येत नाही. दोन्ही उजेड चेहऱ्यावर एकत्र पडले की एक गाल पिवळा आणि एक निळा होतो, आणि नंतर फोटो दुरुस्त करायला बसल्यावर एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

पांढरी ट्यूब चालेल, असे अनेकांना वाटते. तीही बंदच करावी. ती छताजवळून उजेड टाकते, त्यामुळे भुवयांच्या खाली सावल्या पडतात आणि खिडकीने दिलेला आकार बिघडतो.

इशारा: पंखाही बंद करावा. केस उडतात हे कारण आहेच, पण चादर लावली असेल तर ती हलते आणि प्रत्येक फोटोत उजेड वेगळा येतो.

३. रंग परतवणाऱ्या वस्तू दूर कराव्यात

हा टप्पा जवळजवळ सगळेच वगळतात. खिडकीचा उजेड खोलीत येतो तेव्हा तो भिंती, फरशी, पडदे यांच्यावर आपटून त्यांचा रंग घेऊन परत चेहऱ्यावर पडतो. पिस्ता रंगाच्या भिंतीजवळ बसलेल्या माणसाच्या गालावर हिरवट छटा येते. गॅलरीत वाळत घातलेली लाल साडी किंवा खिडकीला चिकटून वाढलेला मनीप्लँटचा वेल हेही तेच करतात.

आत्याचा फोटो काढताना पहिल्या दहा-बारा फोटोंत तिची हनुवटी आणि गळा लालसर येत होता. मी व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेरा पांढरा रंग कशाला धरतो ती सेटिंग, बदलून पाहिला, तर कपाळ निळे पडले आणि हनुवटी तशीच राहिली. खाली पाहिल्यावर कारण कळले. तिच्या पायांपाशी लाल-किरमिजी पट्ट्यांची सतरंजी अंथरलेली होती, खिडकीतून आलेला उजेड थेट सतरंजीवर पडत होता आणि तिथून वर उडून हनुवटीखाली पोहोचत होता. सतरंजीवर धोतर अंथरले, आणि पुढच्याच फोटोत गळ्याचा रंग कपाळाशी जुळला. एवढेच नव्हे, तर डोळ्यांखालच्या सावल्याही थोड्या उजळल्या, कारण आता खालून पांढरा उजेड येत होता.

तपासणी: माणूस बसणार त्या जागी कोरा कागद उभा धरावा, मग आडवा करून त्याची खालची बाजू पाहावी. कागदावर कुठलाही रंग दिसत असेल तर तो कुठून येतो ते शोधून ती वस्तू हलवावी किंवा झाकावी. भिंत हलवता येत नाही, तेव्हा माणसालाच तिच्यापासून चार-पाच फूट दूर बसवावे.

४. माणसाला बसवावे

चादर आणि फलक हातात घेण्याचा मोह इथे टाळावा. फोटोचे बहुतेक काम याच टप्प्यावर होते, म्हणून यावर पुरेसा वेळ द्यावा.

अंतर. चार फूट रुंद आणि चार फूट उंच खिडकीसमोर एक मीटरवर बसलेल्या माणसाला दोन मीटरवर नेले तर त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड सुमारे एक तृतीयांश उरतो. केवळ उजेड कमी होतो एवढेच नाही, तर खिडकी त्याच्या दृष्टीने लहान होते आणि सावल्यांच्या कडा कडक होतात. उजेड मऊ आहे की कडक, हे त्याच्या तीव्रतेवर अवलंबून नसते. चेहऱ्यावरून पाहिल्यास उजेडाचा उगम किती मोठा दिसतो, यावर ते अवलंबून असते. म्हणून सुरुवात खिडकीपासून एक मीटरवर करावी. याचा आणखी एक फायदा असा की मागची भिंत खिडकीपासून दूर राहून आपोआप गडद होते आणि चेहरा तिच्यापासून सुटा दिसतो.

दिशा. माणसाचा चेहरा सरळ खिडकीकडे केला तर तो सपाट दिसतो, आणि पूर्ण आडवा केला तर अर्धा चेहरा काळोखात जातो. कॅमेरा आणि खिडकी यांच्यामध्ये साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन पकडावा, म्हणजे खिडकी माणसाच्या एका बाजूला पण थोडी पुढे राहील. आता नाकाची सावली पाहावी. ती ओठांच्या कोपऱ्याच्या दिशेने तिरपी खाली उतरत असेल तर कोन बरोबर आहे. ती सरळ आडवी गालावर जात असेल तर माणसाला थोडे खिडकीकडे वळवावे. सावली दिसतच नसेल तर थोडे दूर वळवावे. पलीकडच्या गालावर, डोळ्याच्या खाली, उजेडाचा लहानसा तुकडा उरला पाहिजे, म्हणजे तो डोळा जिवंत दिसतो.

उंची. आपल्याला उजेड वरून येण्याची सवय आहे, कारण आकाश वर आहे. गॅलरीच्या दारासमोर बसलेल्या माणसावर मात्र उजेड पायांपासून डोक्यापर्यंत येतो, आणि दाराचा खालचा अर्धा भाग हनुवटीखालून व नाकपुड्यांखालून उजेड टाकतो. चेहरा थकलेला किंवा भीतिदायक दिसण्याचे हे नेहमीचे कारण आहे. यावर उपाय सोपा आहे. दाराचा खालचा भाग, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीपर्यंत, काळ्या ब्लँकेटने झाकावा. ब्लँकेट दोन खुर्च्यांच्या पाठींवर चिमट्यांनी लावले तरी चालते. उंच खिडकीच्या बाबतीत याच्या उलट करावे: स्टुलाखाली पाट ठेवून माणसाला थोडे वर घ्यावे, नाहीतर उजेड फार वरून येऊन डोळ्यांवर भुवयांची सावली पडते.

तपासणी: माणसाच्या डोळ्यांत पाहावे. दोन्ही बुबुळांवर वरच्या बाजूला खिडकीचा लहान पांढरा चौकोन दिसला पाहिजे. तो एकाच डोळ्यात दिसत असेल तर मान किंचित खिडकीकडे फिरवायला सांगावी. तो दिसत नाही तोवर फोटो काढू नये, आणि पुढच्या टप्प्यावरही जाऊ नये.

माणसाचा चष्मा असेल तर काचांवर खिडकी दिसते का, तेही आत्ताच पाहावे. दिसत असेल तर हनुवटी एक-दोन बोटे खाली घ्यायला सांगावी, किंवा चष्म्याच्या दांड्या कानांवर अर्ध्या इंचाने उचलाव्यात, म्हणजे काचा किंचित खाली झुकतात. चष्मा काढायला सांगू नये. जो माणूस रोज चष्मा घालतो त्याच्या नाकावर चष्म्याच्या खुणा असतात आणि चष्म्याशिवायचा त्याचा फोटो घरच्यांना परका वाटतो.

५. चादर लागते का, ते ठरवावे

खिडकीतून थेट ऊन येत नसेल तर चादर लावू नये. आकाशाचा उजेड आधीच मऊ असतो, आणि त्यावर चादर लावली की फक्त अंधार वाढतो, मऊपणात काही फरक पडत नाही. पावसाळ्यात ढग भरलेले असताना चादर लावून बसलेले लोक मी पाहिले आहेत, आणि मग फोटो धूसर आला म्हणून ते फोनला दोष देतात.

थेट ऊन येत असेल तर चादर आवश्यक आहे, पण ती कुठे लावायची ते महत्त्वाचे आहे. चादर उन्हात न्हाली की ती स्वतःच उजेडाचा उगम बनते, आणि तिचा जेवढा भाग उजळतो तेवढाच मोठा तो उगम असतो. समजा खिडकी पूर्ण उघडी आहे, पण शेजारच्या इमारतीमुळे ऊन तिच्या एका कोपऱ्यातूनच येते. अशा वेळी काचेला चिकटवलेल्या चादरीचा फक्त तो कोपरा उजळेल आणि उजेड कडकच राहील. कपडे वाळत घालण्याचा स्टँड खिडकी आणि माणूस यांच्यामध्ये ठेवून, चादरीला जिथे उन्हाचा सगळ्यात मोठा पट्टा पडेल तिथे ती टांगावी. पूर्ण खिडकीतून ऊन येत असेल तर मात्र चादर खिडकीच्या चौकटीलाच चिमट्यांनी ताणून लावणे सोपे आणि पुरेसे असते.

एकच थर लावावा. दुहेरी घडी घातलेली चादर उजेड फारच कमी करते. चुण्या राहू देऊ नयेत, कारण चुण्यांच्या सावल्या गालावर नाही तरी चष्म्याच्या काचेवर दिसतात. बटर पेपरचे तुकडे जोडून केलेला पडदाही चालतो, पण वाऱ्याने तो सळसळतो आणि जोडांच्या रेषा दिसतात, म्हणून मी कापडालाच पसंती देते.

इशारा: चादर, थर्माकोल किंवा कागद देवघरातली समई, निरांजन, उदबत्ती किंवा गॅस यांच्या जवळ आणू नये. देवघर त्याच खोलीत असेल तर फोटो होईपर्यंत दिवा शांत असावा.

तपासणी: चादर लावल्यावर नाकाची सावली पुन्हा पाहावी. तिची कड आधीपेक्षा स्पष्टपणे विरलेली दिसत नसेल, तर चादर चुकीच्या जागी आहे किंवा तिची गरजच नव्हती.

६. सावलीच्या बाजूने उजेड परतवावा

आता माणसाकडे कॅमेऱ्यातून पाहावे आणि ठरवावे की सावलीची बाजू खरोखरच फार गडद आहे का. बसण्याचा कोन नीट जमला असेल तर अनेकदा ती गडद नसते, आणि मग फलक लागतच नाही.

लागलाच तर पांढरा फलक खिडकीच्या समोरच्या बाजूला, माणसापासून दीड ते दोन फुटांवर, चेहऱ्याच्या उंचीवर उभा करावा. खुर्चीच्या पाठीला टेकवून चिमट्याने धरला तर कुणाला उभे राहावे लागत नाही. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे फलक माणसाच्या अगदी बाजूला किंवा किंचित मागे ठेवणे. तिथे तो माणसाच्याच सावलीत येतो, त्याच्यावर खिडकीचा उजेड पडत नाही, आणि जो उजेड त्याला मिळालाच नाही तो त्याने परत कसा द्यावा? फलक माणसाच्या थोडा पुढे आणावा आणि असा तिरपा करावा की फलकाच्या जागी डोके नेऊन पाहिले तर खिडकीही दिसेल आणि माणसाचा गालही दिसेल.

फलक जवळ आणत जावा आणि सावली उजळताना पाहावी. ज्या क्षणी सावलीतला गाल उजेडातल्या गालाइतकाच दिसू लागेल त्या क्षणी थांबून फलक दीड वीत मागे घ्यावा. सावली पूर्ण पुसणे हा हेतू नाही. सावलीमुळेच गालाचे हाड, नाकाची रेघ आणि वयाच्या सुरकुत्यांची नक्षी दिसते. लग्नाच्या परिचयपत्रासाठी फोटो काढताना घरातली मंडळी ‘चेहरा उजळ दिसू दे’ म्हणून फलक पुढे पुढे ढकलायला लावतात, तेव्हा मी ते नम्रपणे नाकारते. त्वचेचा रंग जसा आहे तसा आणि चेहऱ्याचा आकार पूर्ण दिसावा, यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

फलक मांडीवर आडवा धरून खालून उजेड देण्याची पद्धत अनेकांना आवडते. ती वापरायची असेल तर अगदी थोडी वापरावी, आणि बुबुळांवर खालच्या बाजूला दुसरा पांढरा ठिपका दिसू लागला की फलक खाली घ्यावा.

फॉइलची गरज दोनच वेळा पडते: पावसाळी अंधारलेल्या दिवशी, किंवा फलक चेहऱ्यापासून चार-पाच फुटांहून जवळ आणणे शक्य नसेल तेव्हा. ते गुळगुळीत लावू नये. आधी हलक्या हाताने चुरगाळावे, पुन्हा उलगडावे आणि पुठ्ठ्यावर चिकटवावे, म्हणजे उजेड एका जागी न साचता पसरतो. स्टीलचे ताट किंवा परात याच कारणाने वापरू नये. तिच्या चकाकीचा पट्टा गालावर उमटतो.

तळमजल्यावरच्या किंवा दाटीच्या वस्तीतल्या घरात कधीकधी खिडकीतून उजेडच येत नाही, पण गॅलरीच्या एका कोपऱ्यात ऊन पडते. अशा वेळी आरसा कामी येतो. त्या उन्हात आरसा ठेवून कवडसा खोलीतल्या पांढऱ्या भिंतीवर, किंवा स्टँडवर टांगलेल्या चादरीवर पाडावा, आणि ती उजळलेली जागाच आपली खिडकी समजून माणसाला तिच्या समोर बसवावे. सूर्य दर चार मिनिटांनी एक अंश सरकतो, त्यामुळे तीन मीटर दूरच्या भिंतीवरचा कवडसा तेवढ्या वेळात सुमारे पाच सेंटिमीटर हलतो. आरसा अधूनमधून जागेवर आणावा लागतो.

इशारा: कवडसा कधीही माणसाच्या चेहऱ्यावर पाडू नये. दाढी करण्याचा मोठे दाखवणारा अंतर्गोल आरसा तर उन्हात नेऊच नये, कारण तो ऊन एका बिंदूवर गोळा करतो आणि पडदा पेटू शकतो. आरसा गॅलरीच्या कठड्यावर ठेवू नये.

७. काळी शाल केव्हा लागते

चारही भिंती पांढऱ्या असलेल्या लहान खोलीत वेगळीच अडचण येते. उजेड सगळीकडून परत येतो आणि कोन कितीही बदलला तरी सावली पडत नाही. तिथे फलकाच्या जागी काळी शाल टांगावी. ती भिंतीकडून परतणारा उजेड गिळते आणि गालाची कड पुन्हा उमटते. शाल चेहऱ्यापासून एक-दीड फुटांवर, पण फोटोच्या चौकटीबाहेर असावी. गोलसर चेहऱ्याला हा उपाय फार शोभतो, आणि तो फार कमी लोक वापरतात.

८. मागची बाजू

मागे साधी भिंत पुरते. कॅलेंडर, स्विचबोर्ड, फ्रिज चौकटीत येत नाहीत ना, एवढे पाहावे. माणूस भिंतीपासून निदान चार फूट पुढे असावा.

९. फोन किंवा कॅमेरा

फोन असेल तर लेन्स आधी सुती रुमालाने पुसावी. बोटांचा तेलकट डाग राहिला तर खिडकीचा उजेड पसरून सगळा फोटो धुकट होतो. ब्यूटी फिल्टर बंद करावा. शक्य असेल तर एचडीआरही (फोटोतला उजळ-गडद भागांतला फरक आपोआप कमी करणारी सोय) बंद करावे, कारण ते सावल्या आपणहून उजळते आणि सहाव्या-सातव्या टप्प्यातले सगळे काम पुसून टाकते. माणसापासून पाच-सहा फुटांवर उभे राहून दुप्पट झूमची लेन्स वापरावी. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान लहान दिसतात.

खिडकीकडच्या डोळ्यावर बोट दाबून धरावे, म्हणजे बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) तिथे पक्के होते. मग बोट खाली सरकवून उजेड किंचित कमी करावा, इतका की कपाळावरच्या सगळ्यात उजळ जागीही त्वचेचा पोत दिसेल. सावळ्या चेहऱ्याच्या आणि गडद भिंतीच्या फोटोत फोन हटकून गरजेपेक्षा जास्त उजेड घेतो, तेव्हा हे पाऊल विशेष महत्त्वाचे आहे. माणसाचा हात फोनच्या पडद्याशेजारी धरायला सांगून दोन्ही रंग जुळतात का ते पाहावे.

कॅमेरा असेल तर अॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार) एफ ४, शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) १/१२५ सेकंद आणि आयएसओ (उजेडाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता) ४०० पासून सुरुवात करावी. उजेड कमी असेल तर आयएसओ वाढवावा, शटर १/१२५ पेक्षा हळू करू नये, कारण शांत बसलेला माणूसही बोलताना आणि श्वास घेताना हलतो. व्हाइट बॅलन्स आपोआप ठेवू नये. चेहऱ्याच्या जागी कोरा कागद धरून त्यावरून तो ठरवावा आणि सगळे फोटो होईपर्यंत बदलू नये.

तपासणी: पहिला फोटो मोठा करून पुढील क्रमाने पाहावा: डोळ्यांतला चौकोन, नाकाची सावली, हनुवटीखालचा रंग, कपाळावरची चमक. चमक असेल तर पावडर न लावता आधी रुमालाने घाम टिपावा. बहुतेक वेळा तेवढे पुरते.

काही बिघडले तर कुठे परत जावे

दोन गालांचे रंग वेगळे असतील तर दुसऱ्या टप्प्यावर जाऊन चालू राहिलेला दिवा शोधावा. फक्त हनुवटी किंवा एकाच बाजूचा गाल रंगीत असेल तर तिसऱ्या टप्प्यावर जावे. डोळे काळवंडले असतील किंवा चेहरा खालून उजळला असेल तर फलक हलवत बसू नये. चूक चौथ्या टप्प्यातल्या उंचीची आहे. चेहरा सपाट वाटत असेल तर आधी फलक पूर्ण काढून एक फोटो काढावा, आणि तोच चांगला आला तर फलक परत आणू नये. मध्येच ढग आला आणि उजेड बदलला, तर एक्स्पोजर पुन्हा पक्के करावे, व्हाइट बॅलन्स पुन्हा घ्यावा आणि चादर लावलेली असेल तर ती काढावी.

आत्याच्या फोटोला शेवटी लागले ते एवढेच: सतरंजीवर अंथरलेले धोतर, गॅलरीच्या दाराच्या खालच्या अर्ध्या भागावर काळे ब्लँकेट, आणि सावलीच्या बाजूला दोन फुटांवर फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल. चादर इस्त्री करून आणली होती, ती घडी न मोडता परत कपाटात गेली. थर्माकोल दीड वीत मागे घेतल्यावर तिच्या कपाळावरचे, लहानपणी गोंदवलेले आणि आता फिकट झालेले तीन ठिपके पहिल्यांदाच फोटोत स्पष्ट आले.